पिटांतल्या चार आण्यांचा हिशेब

"बोलपट आला आणि मराठी रंगभूमि मेली; आणि मेली ती अडाण्यांच्या अभिरुचीमुळें!" हें वाक्य गेल्या महिन्यांत तालुक्याच्या गांवीं एका व्याख्यानांत आम्हीं कानांनीं ऐकलें. वक्ते विद्वान होते, शहरांतून आले होते, गळ्यांत हार होता. त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ असा कीं, १९३० नंतरच्या दहा वर्षांत मुंबईसारख्या शहरांत गिरणीचे मजूर, हमाल, गाडीवान, कुणबी, साळी, तेली ही मंडळी चार आणे टाकून पिटांत बसूं लागली, शिट्या वाजवूं लागली, आणि त्यांच्या पायीं गंधर्वांचें युग लयाला गेलें. सभेनें टाळ्या वाजविल्या. टाळ्या वाजविणारांत आमचेच लोक अधिक होते, ही गोष्ट मात्र मनाला लागली. ज्यांच्या पणजोबानें त्या पिटांत बसून दिवसभराचा घाम पुसला, त्यांनींच पणजोबाला दिलेल्या शिवीवर टाळी द्यावी, यापरतें अज्ञान तें कोणतें? म्हणून हा लेखनप्रपंच.

कोणी म्हणेल, "गुरुजी, मुंबईच्या नाटक-सिनेमाशीं आपल्या वाशिमकडच्या माणसाला काय करायचें आहे?" करायचें आहे. कारंजा, मंगरूळपीर, वाशिम, रिसोड हा सारा कापूस पिकविणारा मुलूख. विसाव्या शतकाच्या आरंभीं मूर्तिजापुराहून कारंज्यावरून यवतमाळपर्यंत जी अरुंद रुळांची गाडी धांवूं लागली, ती आम्हांला तीर्थयात्रा घडवावी म्हणून नव्हे, तर कापसाच्या गांठी बाहेर काढाव्या म्हणून. (पुण्याच्या लोकांनीं १८८० सालीं किर्लोस्करांचें 'शाकुंतल' पाहिलें, आमच्या वांट्याला 'शकुंतला' आली ती ही आगगाडी! आतां तीहि बंद पडली आहे.) वऱ्हाडचा कापूस मुंबईस जाई, तेथल्या गिरण्यांत त्याचें सूत होई, आणि तें सूत काढणारा हात कोंकणांतल्या कुळाचा, घाटावरच्या कुणब्याचा, महार-मांगाचा, कोष्ट्या-साळ्याचा असे. १९२८ सालीं तेथें दीड लाखाच्या आसपास गिरणीकामगार सहा महिने संपावर होते, यावरून त्या वस्तीचा पसारा ध्यानांत यावा. रान सावकाराच्या घशांत गेलें, कीं माणूस परळ-लालबागच्या चाळींत एका खोलींत दहाजणांबरोबर वळकटी टाकी. बायकापोरें गांवीं. जेवण खानावळींत. दिवसभर सांच्यापाशीं उभा राहिलेला हा जीव सुट्टीच्या दिवशीं चार घटका कोठें विसावणार?

आतां रंगभूमि कोणीं मारली तें पाहूं. १४ मार्च १९३१ रोजीं गिरगांवच्या मॅजेस्टिक थिएटरांत 'आलम आरा' हा पहिला हिंदी बोलपट लागला. पुढच्याच वर्षीं प्रभात कंपनीनें कोल्हापुरांतून 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आणला. त्या वेळीं नाटक मंडळ्यांची स्थिति काय होती? मंडळी म्हणजे एक फिरता संसारच. नट, साथीदार, आचारी, पडदे ओढणारे, सर्वांचें जेवणखाण मालकावर, सामानाचा रेल्वेखर्च मालकावर, थिएटरचें भाडें मालकावर. त्यांत गंधर्व मंडळीचा थाट असा, कीं रंगमंचावर खरे भरजरी शालू आणि प्रेक्षागृहांत अत्तराचा घमघमाट. बालगंधर्वांचा गळा देवाघरचा होता, त्याबद्दल आमच्या मनांत तिळमात्र किंतु नाहीं. पण कर्जाचा डोंगर त्या शालूंनीं आणि त्या अत्तरानें उभा केला, लालबागच्या मजुरानें नव्हे. नाटक रात्रीं सुरू व्हावें आणि एकेका पदाला 'वन्समोअर' पडत पडत पहांट व्हावी! सकाळच्या भोंग्याला ज्याला गिरणीच्या फाटकांत हजर राहावयाचें, त्यानें तें ऐकावें तरी केव्हां?

इकडे बोलपटाच्या यंत्राला जेवण लागत नाहीं, रुसवा येत नाहीं, आणि एका दिवसांत दोन-तीन खेळ होतात. थिएटरच्या मालकांनीं हा हिशेब केला. ग्रँट रोडच्या बाजूला ज्या भागास लोक 'पिला हाऊस' म्हणत, तेथलीं जुनीं नाटकगृहें हळूहळू सिनेमाघरें झालीं, तीं नफ्याच्या गणितानें. मजुरांचा मोर्चा कांहीं त्यांवर चालून गेला नव्हता. खुद्द बालगंधर्व १९३५ सालीं प्रभातच्या 'धर्मात्मा' बोलपटांत एकनाथ महाराज झाले. पडद्याचें तें काम त्यांना मानवलें नाहीं आणि ते परत नाटकाकडे आले, हें खरें; पण राजाच किल्ल्याबाहेर पडला असतां दोष मात्र पहारेकऱ्याच्या माथीं, हा कोठला न्याय?

पिट म्हणजे काय, हें आजच्या पोरांस सांगावें लागतें. पडद्याच्या अगदीं पुढची स्वस्त जागा. मान वर करून पाहावें लागे, डोळे दुखत, विडीच्या धुरानें जीव घुसमटे. वक्त्यांनीं त्या शिट्या ऐकल्या, पण तेथें काय घडत होतें तें पाहिलें नाहीं. गांवांत दंडार असो, भारूड असो, कीं कलगी-तुऱ्याचा सामना असो, महारवाड्यानें कोठें बसावें तें ठरलेलें असे. पाटलाची घोंगडी कोठें आणि मांगाचें पोर कोठें, हें कोणी सांगावें लागत नसे. शहरांतल्या पिटांत दिवे मालवले कीं शेजारचा कोण, हें दिसत नसे, आणि तिकीट काढतांना कोणी जात विचारीत नसे. पैशाची उतरंड मात्र होती, आणि चांगलीच होती. १९३३ सालीं कुलाब्याकडे रीगल झालें, १९३८ सालीं ईरॉस आणि मेट्रो झालीं. तीं गालिचे आणि थंड हवेचीं घरें आमच्यासाठीं नव्हतीं. पण पैशाची उतरंड चढतां येते, जातीची येत नाहीं. चार आण्यांत मिळालेली ही पहिली बरोबरी कोणत्याहि नाट्यसंमेलनाच्या ठरावानें मिळालेली नव्हती.

दुसरी गोष्ट. हा सिनेमा बनविला कोणीं? येथें सुतार, लोहार, रंगारी अशा कारागीर घरांतल्या वाचकांनीं जरा कान द्यावा. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर यांचें मूळ नांव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. कारागिराच्या घरांत १८९० सालीं जन्म, शाळेचें शिक्षण बेताचें. ते आणि त्यांचे चुलतबंधु आनंदराव नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ सालीं आल्यावर या दोघा भावांनीं मनांत घेतलें कीं आपणहि चित्रपट काढावा. परदेशी कॅमेरा आणण्याइतके पैसे नव्हते. आनंदराव १९१६ सालीं वारले. तरी बाबूरावांनीं दामले वगैरे साथीदारांना घेऊन जुन्या यंत्राचा अभ्यास केला, सुटे भाग घासले, आणि १९१८ च्या सुमारास स्वतःचा कॅमेरा स्वतः बनविला. ज्या हातांना पिढ्यानपिढ्या 'तुम्ही रंधा मारा, अक्षरांच्या वाटेला जाऊं नका' असें सांगितलें, त्या हातांनीं तें यंत्र उभें केलें! भांडवल कोणाचें? तानीबाई कागलकर या गायिकेचें. पेढीवाल्या शेटजीचें नव्हे, तर जिच्या घराचा उंबरठा ओलांडतांना प्रतिष्ठित लोक इकडे तिकडे बघत, अशा कलावंतिणीचें. महाराष्ट्र फिल्म कंपनी अशी निघाली. बाबूरावांचा 'सैरंध्री' पाहून १९२० सालीं लोकमान्य टिळकांनींहि त्यांना 'सिनेमा केसरी' म्हटलें. टिळकांशीं आमच्या चळवळीचा वाद जुना आहे. पण येथें त्यांनीं गुण पाहिला, तेवढें श्रेय त्यांस देणें भाग आहे.

याच बाबूरावांनीं १९२५ सालीं 'सावकारी पाश' हा मूकपट काढला. कथा नारायण हरि आपटे यांची. सावकाराच्या खोट्या कागदापायीं शेतकऱ्याची जमीन जाते, आणि तो शहरांत जाऊन गिरणींत मजूर होतो. त्या तरुण शेतकऱ्याचें काम व्ही. शांताराम यांनीं केलें. १९३६ सालीं हाच विषय पुन्हां बोलपटांत आला. सांगा बरें, संगीत नाटकांच्या त्या सुवर्णयुगांत, अर्धी रात्र 'वन्समोअर' देणाऱ्या त्या रसिकांपुढें, शेतकऱ्याच्या जप्तीवर अंक कितीसे झाले? देव, राजे, विद्याधर, फार तर वकिलाची सुशिक्षित मुलगी! आमच्या घरांतल्या दुःखाला पडद्यावर जागा मिळाली ती मेस्त्र्याच्या हातून.

आणि 'संत तुकाराम'? १२ डिसेंबर १९३६ रोजीं प्रभातचा हा बोलपट आला. दिग्दर्शन दामले आणि फत्तेलाल यांचें. हे दोघेहि बाबूराव पेंटरांच्याच हाताखालीं तयार झालेले. एक जन्मानें ब्राह्मण, दुसरा मुसलमान, आणि धंद्यानें दोघेहि कारागीर. विष्णुपंत पागनीस तुकोबा झाले, गौरीबाई जिजाई झाल्या. तुकोबांचे अभंग पाण्यांत बुडवावयास लावणारा वर्ग कोण, तें त्या चित्रांतल्या सालोमालोनें सर्वांना ओळखतां आलें. मुंबईंत सेंट्रल सिनेमांत हा बोलपट सत्तावन आठवडे चालला, आणि १९३७ सालीं व्हेनिसच्या मेळाव्यांत त्याचा गौरव झाला. एवढे आठवडे थिएटर भरतें, तें एकट्या वकील-डॉक्टरांनीं भरत नाहीं. माळ घातलेला मजूर भरतो, भाजीवाली भरते. वारीला जावयास रजा मिळत नाहीं, तो माणूस पिटांतच पंढरी पाहतो. वक्त्यांना आमचा प्रश्न एवढाच: ज्या पिटानें नाटक मारलें म्हणतां, त्याच पिटानें 'तुकाराम' वर्षभर डोक्यावर घेतला, ती अभिरुचि कोणाची? चांगलें झालें तें कंपनीच्या कलेमुळें आणि वाईट झालें तें मजुरांच्या शिट्यांमुळें, अशी दुतोंडी वही आम्हीं कोठें पाहिली नाहीं. सावकाराकडेच काय ती पाहिली.

आतां बायकांची गोष्ट, आणि येथें आमचा राग आवरत नाहीं. १ जुलै १९३३ रोजीं मुंबईच्या रिपन थिएटरांत नाट्यमन्वंतर या संस्थेनें 'आंधळ्यांची शाळा' हें नाटक केलें. पुस्तकांत मोठ्या अक्षरांत लिहितात कीं, या नाटकांत सुशिक्षित घरांतल्या स्त्रियांनीं स्त्रियांच्या भूमिका केल्या आणि रंगभूमीवर क्रांति झाली. त्याच्या आदल्या वर्षीं दुर्गाबाई खोटे बोलपटांत आल्या तेव्हांहि असेंच लिहून आलें कीं, खानदानी घरची स्त्री पडद्यावर आली. धैर्याचीं कामें होतीं, आम्हीं तीं लहान लेखीत नाहीं. पण संगमनेर तालुक्यांतल्या हिवरगांवची, महाराच्या घरांत जन्मलेली पवळाबाई पठ्ठे बापूरावांच्या फडांत मुंबईच्या थिएटरांत उभी राहिली, ती त्याच्याहि वीसएक वर्षें आधीं. तिच्या नांवावर थिएटरें भरलीं. ती क्रांति कोणत्या पानावर लिहिली आहे, तें आम्हांला दाखवावें. पुरुषानें शालू नेसला तर ती कला, खानदानी बाईनें नेसला तर ती क्रांति, आणि महाराच्या मुलीनें नेसला तर तो बाजार!

त्या काळांत मुंबईंत बोलपटाशेजारींच तमाशाचीं थिएटरेंहि भरत होतीं, हें आमचे विद्वान विसरतात. भाऊ-बापू नारायणगांवकर, शिवा-संभा कवलापूरकर यांचे फड गण, गौळण, बतावणी आणि वग घेऊन उभे राहत, आणि दिवसभर सूत काढणारा मजूर तेथें आपल्या गांवची भाषा ऐके. नाटकाचा मृत्युलेख लिहिणारांना हें नाटक दिसलेंच नाहीं. मराठी रंगभूमि १९३५ च्या सुमारास मेली म्हणतात. मग लालबागेंत रात्रीं ढोलकी वाजत होती ती कोणाच्या प्रेताची? मेली ती एका वर्गाची रंगभूमि. आमची जिवंत होती. फक्त तिला रंगभूमि म्हणत नसत.

पुढचा विनोद याहून मोठा आहे. १९४७ सालीं 'लोकशाहीर रामजोशी' हा बोलपट निघाला, तमाशावरचा. त्याच्या दिग्दर्शनांत बाबूराव पेंटर होते आणि शांतारामहि. लोकांची झुंबड उडाली, आणि त्यानंतर मराठी सिनेमांत तमाशाच तमाशा झाला. 'सांगत्ये ऐका' १९५९ सालीं पुण्यांत शंभराहून अधिक आठवडे चालला. पण त्याच १९४७-४८ च्या सुमारास मुंबईच्या सरकारनें खऱ्या तमाशावर अश्लीलतेच्या नांवाखालीं बंदी घातली! नंतर सुधारणेच्या अटी घालून तो पुन्हां सुरू करूं दिला. पडद्यावरची तमासगिरीण तिकिटाच्या पैशानें मालकाचें घर भरते म्हणून ती सभ्य. तंबूंतली आपलें पोट भरते म्हणून ती असभ्य. वाटेगांवाहून बापाबरोबर पायीं चालत मुंबईस आलेल्या अण्णा भाऊ साठे यांनीं याचें मर्म ओळखलें. हा मुलगा शाळेंत शिकला नाहीं; दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाच्या जाहिराती वाचून अक्षरें शिकला, असें सांगतात. म्हणजे १९३० नंतरची तीच मुंबई, तोच सिनेमा, त्याची हीच शाळा! १९४४ सालीं त्यांनीं अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक काढलें, आणि तमाशाला 'लोकनाट्य' म्हणून ताठ मानेनें उभें केलें.

येथपर्यंत दुसऱ्यांचा समाचार घेतला. आतां आपल्या घरांतला केरहि काढला पाहिजे. सत्यशोधक जलसे निघाले तेव्हां ओतूरच्या भीमराव महामुनींसारख्या मंडळींनीं तमाशाचेंच अंग घेतलें. ढोलकी तीच, सवाल-जबाब तेच, फक्त गौळणीच्या जागीं भिक्षुकशाहीचा पंचनामा. पुढें नाशिककडे भीमराव कर्डकांनीं आंबेडकरी जलसा उभा केला. अडाणी माणसाला शहाणें करण्याचें तें मोठें काम झालें. पण त्यांत नाचणारी बाई आम्हीं काढून टाकली आणि तिचें पुढें काय झालें तें विचारलें नाहीं. पठ्ठे बापूरावांनीं तमाशाचें उत्पन्न महाडच्या सत्याग्रहासाठीं देऊं केलें आणि बाबासाहेब आंबेडकरांनीं तें नाकारलें, अशी १९२७ सालची हकीकत सांगतात. महाराच्या लेकींना नाचवून आलेला पैसा महारांच्या मुक्तीला नको, हें बाबासाहेबांचें म्हणणें कोण खोटें म्हणेल? ब्राह्मण शाहीर लावणी लिहितो, लोक त्याची वाहवा करितात, आणि लाज मात्र पवळाबाईच्या पदरीं. ही पिळवणूकच होती. पण पैसा परत केल्यावर त्या बाईला माणूस म्हणून उभें करण्याचें उरलेलें काम आम्हां अनुयायांचें होतें. तें आम्हीं केलें नाहीं. पवळाबाई १९३९ सालीं गेली. विठाबाई नारायणगांवकरांना राष्ट्रपतींचें पदक मिळालें, आणि तरीहि २००२ सालीं त्या विपन्नावस्थेंत गेल्या. त्यांच्या नांवाचा पुरस्कार सरकार आतां देतें.

आणखी एक नोंद वहींत राहिली आहे. १८५५ सालीं जोतीराव फुल्यांनीं 'तृतीय रत्न' नाटक लिहिलें. दक्षिणा प्राइज कमिटीनें तें नाकारलें, आणि तें छापून आलें १९७९ सालीं! जोतीरावांवरचा चित्रपट बोलपटाच्या पहिल्या वीस वर्षांत कोणी काढला नाहीं. तो आचार्य अत्र्यांनीं १९५४ सालीं काढला, आणि त्यास राष्ट्रपतींचें रौप्यपदक मिळालें. १९३५ सालीं एकनाथांच्या बोलपटाचें नांव 'महात्मा' ठेवूं दिलें नाहीं, म्हणून 'धर्मात्मा' झालें. तें इंग्रजांचें राज्य होतें. २०२५ सालीं 'फुले' हा हिंदी चित्रपट आला तेव्हां राज्य आमचेंच होतें. तरी ब्राह्मण संघटनांनीं हरकत घेतली, जातींचीं नांवें आणि पेशवाई हे शब्द गाळण्यास सेन्सॉर मंडळानें सांगितलें, आणि ११ एप्रिलला यावयाचा चित्रपट २५ एप्रिलला आला. जोतीरावांच्या जयंतीचा दिवस हुकला तो हुकलाच.

हें सगळें आज लिहिण्याचें कारण निव्वळ तें व्याख्यान नव्हे. आमच्या गांवच्या जत्रेची बैठक येत्या बाजाराच्या दिवशीं आहे. कांहीं शिकलेल्या तरुणांचा असा ठराव आहे, कीं यंदां तमाशाचा फड आणूं नये, गांवाची शोभा जाते. त्याऐवजीं शहरांतून सिनेमाच्या गाण्यांचा वाद्यवृंद आणावा आणि पुढच्या खुर्च्यांना तिकीट लावावें. म्हणजे तीच लावणी, सिनेमाच्या मार्गानें धुऊन आलेली, चालेल. फडांतली बाई चालणार नाहीं. शिवाय खुर्च्यांना तिकीट म्हटल्यावर मागें उभा कोण राहणार, हें सांगावयास नको. फड आला तर बायांना राहण्याची बंदिस्त जागा, पिण्याचें पाणी, ठरलेली पूर्ण बिदागी आणि दारू पिऊन शिट्या मारणाऱ्या आपल्याच पोरांना आवरण्याची जबाबदारी गांवानें घ्यावी, असा आमचा उलट ठराव आहे. शाळेंतल्या कामामुळें वर्गणीची वही दरसाल आमच्याकडेच असते. त्यांत फडाच्या नांवापुढचा रकाना अजून कोरा आहे. तो बैठकींत सर्वांसमक्ष भरावयाचा आहे, तरी प्रत्येक घरांतून एक तरी माणूस, आणि शक्य तर बाईमाणूस, यावें.